अर्ध्यावर थांबणारा डोळा

चपट्या माशांचे मोठेपणी दोन्ही डोळे सहसा एकाच बाजूला असतात. त्यांची पिल्ले मात्र जन्मतः चपटी नसतात, इतर माशांप्रमाणेच त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर ग्रीनलँड हॅलिबट या चपट्या माशाविषयी वाचले आणि या माशाच्या बालपणाने मला अक्षरशः धरून ठेवले.

नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्राच्या पश्चिम कडेला, नॉर्वे आणि त्याच्या उत्तरेचे बिअर बेट यांच्या दरम्यान समुद्रतळ जिथे खोल उतरत जातो, त्या उतारावर या माशाची मादी ऐन हिवाळ्यात अंडी घालते. त्या अक्षांशांवर तेव्हा सूर्य उगवतच नाही, त्यामुळे पृष्ठभागावरही बहुतेक वेळ अंधारच असतो. कॉडची मादी एका हंगामात लाखो अंडी घालते आणि प्रत्येक अंडे जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. हॅलिबटची अंडी संख्येने त्याहून कितीतरी कमी, पण सुमारे ४ मिलिमीटर व्यासाची. ती शेकडो मीटर खोलीवर, तळाला न टेकता, थंड पाण्यात तरंगत राहतात आणि थंडीमुळे भ्रूणाची वाढ कित्येक आठवडे रेंगाळते. मोठ्या अंड्याचा खरा उपयोग इथे दिसतो: पिल्लू बाहेर पडते तेव्हा त्याच्यापाशी पीतकाची, म्हणजे अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते आणि तिच्या बळावर ते हळूहळू वरच्या थरांत येते. तिथे प्लवकांतील, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतील, बारीक कवचधारी जीव हे त्याचे अन्न.

पुढचे काही महिने प्रवाहाच्या हाती असतात. स्वालबार्ड या आर्क्टिकमधील द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट स्पिट्सबर्गेन; त्याच्या पश्चिमेने वाहणारा प्रवाह या पिल्लांना उत्तरेकडे नेतो, आणि जी स्वालबार्डच्या भोवतालच्या उथळ भागांपर्यंत पोहोचतात, ती तिथेच तळाकडे वळतात. प्रवाहाने भलतीकडे नेले तर मोठ्या अंड्याची शिदोरीही कामी येत नाही.

याच काळात डावा डोळा उजव्या बाजूकडे सरकू लागतो. इतर बहुतेक चपट्या माशांत सरकणारा डोळा पलीकडे पूर्ण पोहोचतो. इथे मात्र डोक्याच्या वरच्या कडेवरच थांबतो. काही जण याला अपूर्ण रूपांतर म्हणतात, मला ते पटत नाही. हा मासा तळाशी पडून न राहता मधल्या पाण्यात शिरून शिकार करतो, कधी कधी उभाही पोहतो. अशा वेळी कडेवरच्या डोळ्याला दोन्ही बाजूंचे दिसत असणार. त्याची खालची बाजूही पांढरी न राहता काळसरच होते.

स्वालबार्डच्या परिसरात काही वर्षे वाढून हे मासे नैर्ऋत्येकडे, पुन्हा त्या खोल उताराकडे निघतात.