भरतीच्या वेळेला ठेवलेला कार्यक्रम

कांदळवन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातलं जंगल, लावायच्या करारात रोपांचा आकडा होता, पाण्याचा शब्द नव्हता. दीड मीटर बाय दीड मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी ४,४४४ रोपं. जागा वनविभागाच्या ताब्यातली, पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, आणि चिखलात उतरून काम करायचं आमच्या संस्थेने. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के असे खर्च करावे लागतात आणि त्यासाठी त्यांना मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. रोप मोजता येतं. त्याच्यासोबत फोटोही निघतो.

गाव रायगडातल्या धरमतर खाडीवरचं. इथे खाजगी माणसाने बांध घालून खारी जमीन उठवायची आणि सरकारने साऱ्यात सूट द्यायची हा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. त्यामुळे ‘सरकारी-खासगी भागीदारी’ ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांना काही विशेष वाटलं नाही. आता व्यवहार उलट्या दिशेचा होता, एवढंच.

दोन जागा होत्या. बांधाच्या बाहेर मोकळा चिखलपट्टा, उपग्रहाच्या चित्रात रिकामा दिसणारा. प्रत्यक्षात तिथे निवट्या नावाचे चिखलातले मासे, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, ओहोटीला उतरणारे पक्षी आणि पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणारी माणसं. दुसरी जागा बांधाच्या आत. फार पूर्वी बांध फुटून खांड पडली, खारं पाणी आत शिरलं, तिवरं म्हणजे कांदळवनातली झाडं वाढली. मग खांड अर्धवट बुजवली गेली. आता अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणालाच पाणी आत चढतं आणि परत जायला वाट नसल्याने तिथेच आटतं. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय येते. तिवरांचे वाळलेले सोट उभे आहेत, त्यांच्याखाली नवं रोप नाही.

तमिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनात नेमकं हेच झालं होतं. तोडीनंतर जमीन खोलगट झाली, पाणी साचलं, खारटपणा वाढला. १९९० च्या दशकात स्वामीनाथन फाउंडेशन आणि तिथल्या वनविभागाने चर खणून भरती-ओहोटी पुन्हा चालू केली, तेव्हा जंगल परत आलं. मी हे प्रस्तावात लिहिलं होतं. उत्तर आलं की मंजूर नमुन्यात ‘चर’ हे काम बसत नाही, बाहेरच्या पट्ट्यावर रोपं लावा.

जागतिक कांदळवन दिन २६ जुलैला असतो. कंपनीच्या मोठ्या साहेबांना त्या दिवशी सवड नव्हती, म्हणून कार्यक्रम २७ ला, सकाळी साडेदहाला. आषाढ वद्य चतुर्दशी होती. कोकणात शाळेत न गेलेल्या माणसालाही हिशेब येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चौदाची पाऊणपट साडेदहा, आणि खाडीच्या आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ. भरतीचं वेळापत्रक मी कार्यक्रम घेणाऱ्या एजन्सीला आधीच पाठवलं होतं. त्यांनी मांडव, चहा आणि गमबूट यांचं वेळापत्रक मला परत पाठवलं.

पाहुणे आले तेव्हा चिखल अजून दिसत होता. आदल्या दिवशी रोपांच्या ओळींसाठी बांबू रोवून ठेवले होते. भाषणं सुरू झाली आणि पाणी आलं. उधाणाचं पाणी आवाज करत नाही. दुसरं भाषण संपेपर्यंत बांबू कमरेएवढे बुडाले, तिसऱ्यात नुसती टोकं राहिली. नारिंगी टी-शर्ट घातलेली मंडळी रोपांच्या पिशव्या हातात धरून बांधावर उभी. पलीकडे गावची पोरं हसत होती आणि त्यांना गप्प करायला कोणी गेलं नाही.

कंपनीच्या हिशेब तपासणी विभागातल्या एक मॅडम सोबत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “हे रोजचं आहे?”

“दिवसातून दोनदा. इतकं नाही, पण भांगाच्या लहान भरतीलाही इथे पाणी येतंच.”

“मग रोप श्वास कधी घेणार?”

मी उत्तर देण्याआधीच मागून काकी बोलल्या. ओहोटीला चिंबोऱ्या धरणाऱ्या, सत्तरीच्या. “बाय, ही पान्याची जागा हाय, झारांची नाय. झारां पायजेत तं बांधामागं बघ.”

मॅडमनी मागे वळून पाहिलं. एका बाजूला बांधाच्या कडेला टेकलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला घोटाभर साचलेला पाऊस, अजिबात न हलणारा. मध्ये बांधाची रुंदी फक्त. माझ्या प्रस्तावातल्या नकाशांनी जे झालं नाही ते त्या जागेने पाच मिनिटांत केलं. समुद्राची सरासरी पातळी आणि उधाणाची रेषा यांच्यामधल्या पट्ट्यातच कांदळवन तगतं, हे मी नंतर सांगितलं. श्रीलंकेत त्सुनामीनंतर झालेल्या लागवडीच्या पाहणीत २३ पैकी ९ ठिकाणी एकही झाड जिवंत सापडलं नव्हतं, हेही. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “या झाडांचे पैसे दिले होते का?” हिशेबनीसाचा प्रश्न. मला फार आवडला.

जेवणं समाजमंदिरात झाली आणि खरी बैठक तिथेच झाली. वनविभागाच्या साहेबांची अडचण रास्त होती. कांदळवनाची नासधूस रोखणाऱ्या २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनात कुदळ दिसली तरी तक्रार होते. काम विभागाच्या आराखड्यात घ्यायचं, यंत्र आणायचं नाही, वनरक्षक हजर हवा, या अटींवर ते तयार झाले. कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यांचा प्रश्न वेगळा होता: चराचा फोटो काय काढणार? मात्र सगळ्यात अवघड प्रश्न गावाचा निघाला. त्या पडीक जागेच्या मागे अजून भातशेती आहे. खारं पाणी मोकळं सोडलं आणि आतला जुना बांध फुटला तर भरपाई कोण देणार? यावर आम्ही तिघेही भागीदार एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी आधी आतला बांध आणि त्याची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, दुरुस्त करायची, मग चर, असा क्रम ठरला. रोपांचे निम्म्याहून जास्त पैसे त्यात गेले.

करार बदलायला हिवाळा उजाडला. आता हप्ता रोपांवर नाही. पाणी आत येऊन सहा तासांत बाहेर जातं का, खुणेच्या काठ्यांवर किती चढतं, आणि ठरवलेल्या चौकोनांत आपोआप रुजलेली रोपं किती, यावर. तिवराची बी पावसाळ्यात पाण्यावर तरंगत येते. वाट मिळाली तर लावणाऱ्याची गरज नसते. पहिल्या पावसाळ्यानंतर चरांच्या कडेने दोन-दोन पानांची रोपं दिसली. लांबचा कोपरा मात्र अजून उघडाच आहे, आणि तिथे जमिनीची पातळी चुकली आहे का मीठ जास्त आहे, यावर आमचे अजून वाद चालू आहेत.

गाळ हा पुढचा प्रश्न. चर बुजतात, दर उन्हाळ्यात उपसावे लागतात, आणि चालू प्रकल्पाचा पैसा कायद्याने तीन वर्षांपुरताच पुढे नेता येतो. देखभालीचं कलम कंपनीच्या वकिलांकडून दोनदा परत आलं. गावाने घरटी एका माणसाचं श्रमदान कबूल केलं. त्याच्या बदल्यात चरांतल्या चिंबोऱ्या बाहेरच्या ठेकेदाराला द्यायच्या नाहीत, ही अट काकींनी घातली आणि समितीच्या ठरावात लिहून घेतली.