पार्करच्या फाशींचा हिशेब

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी न्यायाधीश आयझॅक पार्कर म्हणजे ‘फाशीवाला न्यायाधीश’, आणि त्याची ओळख म्हणजे 79 फाशींचा आकडा, असंच बहुतेक लेखांत सापडतं. हा आकडा खरा आहे. पण त्यावरून पार्करला जोखणं मला पटत नाही.

ओहायोत 1838 साली जन्म, 1859 मध्ये वकिलीची सनद, मग मिझुरीतल्या सेंट जोसेफला वकिली, तिथेच न्यायाधीशपद आणि पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, दोन वेळा निवड. 1875 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याला आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथच्या संघीय न्यायालयावर नेमलं. आधीचा न्यायाधीश विल्यम स्टोरी लाचखोरीच्या आरोपांमुळे राजीनामा देऊन गेला होता.

या न्यायालयाकडे सुरुवातीला पश्चिम आर्कान्साबरोबर सगळी इंडियन टेरिटरी, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेला प्रदेश, होती. तिथल्या चेरोकी, चोक्टॉ, क्रीक वगैरे जमातींच्या राष्ट्रांची स्वतःची न्यायालयं होती, पण ती फक्त आपल्या लोकांमधल्या गुन्ह्यांपुरती. आरोपी किंवा बळी यांपैकी एक जरी बाहेरचा असला, तरी खटला फोर्ट स्मिथला यायचा. आरोपींना पकडून आणायचं काम डेप्युटी मार्शलांचं, म्हणजे संघीय न्यायालयाच्या पोलीस अधिकाऱ्यांचं. त्यांना पगार नव्हता. मैलामागे काही सेंट आणि अटकेमागे दोन डॉलर मिळायचे. पार्करच्या कारकिर्दीत असे साठांहून अधिक मार्शल मारले गेले.

आता फाशीकडे. त्या काळच्या संघीय कायद्यात खून आणि बलात्कार या गुन्ह्यांना मृत्युदंड हीच एक शिक्षा होती. ज्युरीने दोषी ठरवलं की न्यायाधीशाला दुसरा पर्यायच उरत नसे. पार्करने एकूण 160 जणांना ही शिक्षा सुनावली. त्यांतले 79 फासावर गेले. उरलेल्यांपैकी अनेकांची शिक्षा राष्ट्राध्यक्षांनी कमी केली, काही तुरुंगात मेले, काही पुढे अपिलात सुटले. 1889 पर्यंत मात्र अपील नव्हतंच. जीव वाचवायचा तर एकच वाट: वॉशिंग्टनला दयेचा अर्ज.

पार्करची खरी चूक दिसते ती 1889 नंतर, अपिलाचा हक्क मिळाल्यावर. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या त्याच्या फाशीच्या खटल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश निकाल उलटले. बऱ्याचदा कारण एकच होतं: ज्युरीला दिलेल्या सूचना. पार्कर तासन्‌तास बोलायचा, आणि कायदा समजावता समजावता पुरावाच तोलून दाखवायचा. ‘दुष्ट माणूस मागे कोणी नसतानाही पळतो’ हे बायबलमधलं वचन सांगून, आरोपीचं पळून जाणं हाच गुन्ह्याचा पुरावा असल्याचं तो ठसवायचा. हिकरी नावाच्या आरोपीच्या खटल्यात 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. घाबरलेला निरपराधही पळतो. म्हणून पळणं ही ज्युरीने इतर पुराव्यासोबत तपासायची गोष्ट, दोष गृहीत धरण्याचं कारण नव्हे. स्वसंरक्षणाबद्दलच्या सूचनांनाही असाच धक्का बसला. अलेक्झांडर ॲलन या कोवळ्या मुलाची शिक्षा 1893 आणि 1895 अशी दोनदा रद्द झाली, आणि तिसऱ्या खेपेला 1896 मध्ये कायम झाली.

मला हा दोष गंभीर वाटतो. अपील नव्हतं त्या चौदा वर्षांतही ज्युरीसमोर हाच माणूस बोलत होता, आणि त्या सूचना कोणीही तपासल्या नव्हत्या. 79 पैकी बहुतेक फाशी त्याच काळातल्या आहेत.

1 सप्टेंबर 1896 ला इंडियन टेरिटरीवरचा या न्यायालयाचा अधिकार संपला आणि 17 नोव्हेंबरला पार्कर वारला. ज्युरीने दोषी ठरवूनही मृत्युदंड टाळण्याची मुभा देणारा संघीय कायदा जानेवारी 1897 मध्ये झाला.