अपाचे पास: गुडघाभर जोतं आणि एक झरा

टूसॉनमधले तीन दिवस निवडुंग आणि म्युझियमं बघण्यात गेले. लिहायचंय ते आग्नेय ॲरिझोनातल्या अपाचे पास या खिंडीतल्या दगडी जोत्याबद्दल. तिथे पोचणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच म्हणतो, "एवढंच?"

एवढंच. इंटरस्टेट १० सोडून कच्च्या रस्त्याने यायचं, पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि दीड मैल चालत फोर्ट बोवी या जुन्या लष्करी किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत जायचं. वाटेत हे जोतं लागतं. तिकीट नाही, सावलीही जवळपास नाही. पाणी घरूनच भरून न्या, आणि जुलै-ऑगस्टच्या वळवात दुपारी जाऊ नका. तिथले कोरडे ओढे बघता बघता भरतात.

हे बटरफील्ड कंपनीचं स्टेजकोच स्टेशन. स्टेजकोच म्हणजे टपाल आणि प्रवासी नेणारी, वाटेत जनावरं बदलत जाणारी गाडी. 'स्टेज' म्हणजे चक्क आपला टप्पा, एसटी ज्या हिशेबाने अजून भाडं आकारते तोच. फक्त आपला टप्पा सहा किलोमीटरचा, आणि यांचा साधारण वीस मैलांचा, म्हणजे जनावर उन्हात दौडत जाऊन कोसळायच्या आत संपेल इतका. कागदावर वीस, प्रत्यक्षात पाणी असेल तिथे. वाळवंटात दोन स्टेशनांमधलं अंतर पाणी ठरवायचं. डॉस कबेझास आणि चिरिकाहुआ या डोंगररांगांमधली ही खिंड चढाची आणि अडचणीची, तरी गाड्या इथूनच जायच्या, कारण इथला झरा आटत नसे.

करार सरकारी टपालाचा होता: वर्षाला सहा लाख डॉलर, आठवड्याला दोन फेऱ्या, सुमारे २,८०० मैल २५ दिवसांत. सप्टेंबर १८५८मध्ये सेवा सुरू झाली. हिशेब केला तर ताशी पाच मैलांच्या आतबाहेर वेग पडतो. हा वेग तुटपुंजा वाटतो, पण गाडी रात्रंदिवस चालायची. मुक्काम नावाची गोष्टच नव्हती. प्रवाशाने झोपायचं ते बसल्या जागी, दुसऱ्याच्या खांद्यावर. पश्चिमेच्या खडतर भागात कॉन्कर्ड गावी बनलेल्या जड, देखण्या गाड्या नव्हत्या. कॅनव्हासच्या छताच्या हलक्या गाड्या होत्या आणि घोड्यांऐवजी बहुतेक खेचरं. खेचर उन्हाला टिकतं, रुक्ष चाऱ्यावर भागवतं. गाडीच्या साट्याखाली स्प्रिंगांऐवजी चामड्याचे जाड पट्टे असत. धक्का कमी बसे, पण गाडी होडीसारखी डुले आणि नवख्यांना उलट्या होत.

स्टेशनं दोन प्रकारची. लहान स्टेशनात फक्त जनावरं बदलत. मोठ्यात जेवणही मिळे, म्हणजे घेवडा, खारवलेलं किंवा वाळवलेलं मांस आणि बिनदुधाची कॉफी. कंडक्टर (होय, कंडक्टरच!) दोनेक मैलांवरूनच शिंग फुंकायचा, म्हणजे गाडी येईपर्यंत नवी जोडी साज चढवून तयार. सगळं सुरळीत असेल तर काही मिनिटांचं काम. पण खेचरं अर्धवट शिकवलेली असली की साज चढवतानाच लाथाळी, दोर तुटणे, एखादं पळून जाणे, आणि वेळापत्रकाचे बारा वाजणे.

या स्टेशनाची खरी खोट मात्र पायी चालल्यावरच कळते. झरा जोत्याला लागून नाही. स्टेशनाच्या पुढे दफनभूमी ओलांडून वर जावं लागतं. फेब्रुवारी १८६१मध्ये अमेरिकी सैन्यातल्या लेफ्टनंट बॅस्कमने एका अपहृत मुलाच्या प्रकरणात इथल्या मूळनिवासी अपाच्यांचा प्रमुख कोचीझ याला बोलणीसाठी बोलावून पकडायचा प्रयत्न केला. मुलगा कोचीझच्या लोकांनी पळवलेलाच नव्हता. कोचीझ तंबू फाडून निसटला, त्याचे नातेवाईक मात्र अडकले, आणि सैनिक या भिंतींआड कोंडले गेले. आत माणसं सुरक्षित. पण जनावरांना पाण्यावर न्यावंच लागे, आणि तिथेच अपाच्यांनी खेचरं हाकून नेली. शेवटी दोन्हीकडचे ओलीस मारले गेले. त्याच वर्षी टपाल उत्तरेच्या मार्गावर वळवलं गेलं, यादवी युद्ध तोंडावर असताना. जुलै १८६२मध्ये याच झऱ्यावरून लढाई झाली आणि मग फोर्ट बोवीचा किल्ला आला.

आता तक्रार. इथे येणाऱ्या अनेकांच्या डोक्यात १९३९चा 'स्टेजकोच' हा सिनेमा असतो: लाल सुळके, चौखूर उधळलेले घोडे. ते सुळके मॉन्युमेंट व्हॅलीतले, इथून शेकडो मैल उत्तरेला; बटरफील्डची गाडी तिकडे कधी फिरकलीच नाही. सिनेमातली गाडी ज्या लॉर्ड्सबर्गला निघते ते गावच मुळात १८८०मध्ये आगगाडीमुळे वसलं, म्हणजे स्टेजकोचच्या पोटावर पाय देणाऱ्या रुळांवर. पडद्यावर स्टेशन म्हणजे नाट्य. इथे समोर दिसतं ते चारा, पाणी आणि साज यांचं गणित.

परतताना आलेल्याच वाटेने न येता किल्ल्यामागच्या डोंगरधारेवरची पायवाट धरा. तिथून खिंड अख्खी दिसते. पुढे हमरस्ता लागल्यावर पेट्रोलचा काटा आधी बघा. आम्ही विलकॉक्सच्या पंपावर पोचेपर्यंत तो अगदी तळाला टेकला होता.