तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या भुताला जुन्याची सर येते का?

मी भयपट आवडीने बघते हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, भीती नाही का वाटत? (वाटते, म्हणूनच बघते.) दुसरा, जुन्या गाजलेल्या भयपटांचे हे जे नवे रिमेक निघतात, त्यांना मूळ चित्रपटांची सर येते का? दुसरा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर असा असतो की उत्तर त्याला ठाऊकच आहे, माझी फक्त सही हवी आहे. ती मी सहसा देत नाही.

बरेचसे रिमेक फसतात, यात वाद नाही. पण बरेचसे भयपटच फसतात. सत्तरच्या दशकात टाकाऊ सिनेमे काही कमी निघाले नव्हते, आज ते कुणाला आठवत नाहीत इतकंच. आपण तेव्हाचे निवडक दहा-बारा चित्रपट घेतो आणि त्यांच्यासमोर गेल्या शुक्रवारी लागलेला कुठलाही सिनेमा उभा करतो. असा सामना लावल्यावर निकाल ठरलेलाच.

शिवाय आपण ज्याला मूळ म्हणतो तो तरी कितपत मूळ असतो? १९२२ सालचा मुर्नाउचा ‘नोस्फेरातू’ हा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर परवानगी न घेता, पात्रांची नावं बदलून बेतलेला होता. स्टोकरच्या पत्नीने कोर्टात खेचलं, सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला आणि काही प्रती निसटल्या म्हणून आज तो आपल्याला बघायला मिळतो. पुढे १९७९ मध्ये व्हेर्नर हर्झॉगने आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्सने तो पुन्हा केला. उचललेल्या गोष्टीचा रिमेक करणाऱ्यांवर सोवळेपणाचे नियम कसे लावणार?

तेव्हा नवा-जुना हा भेद बाजूला ठेवून मी रिमेक बघताना एकच गोष्ट तपासते: हा चित्रपट माझ्यापासून काय लपवतोय? भयपटाची सगळी ताकद त्याने राखून ठेवलेल्या गोष्टीत असते. मूळ चित्रपटाने काहीतरी लपवलेलं असतं. रिमेकच्या वेळेपर्यंत ते जगजाहीर झालेलं असतं, त्यामुळे रिमेकला स्वतःचं नवं काहीतरी लपवावं लागतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

‘सायको’ घ्या. १९६०चा हिचकॉकचा आणि १९९८चा गस व्हॅन सँटचा. व्हॅन सँटने जवळजवळ प्रत्येक शॉट जसाच्या तसा, रंगीत चित्रित केला. बर्नार्ड हरमनचं संगीतही तेच. नायिका चोरते ती रक्कम महागाईनुसार चाळीस हजार डॉलरवरून चार लाखांवर नेली, न्हाणीघरातल्या खुनात मध्येच आभाळाचे तुकडे घातले, असे किरकोळ फरक. आणि तरीही सिनेमा मेलेला. का? एक कारण नट. नायिका ज्याच्या मोटेलात उतरते तो नॉर्मन. अँथनी पर्किन्सचा नॉर्मन हा किडकिडीत, बोलताना अडखळणारा, बघताक्षणी कीव यावी असा पोरगा आहे. व्हिन्स व्हॉन धिप्पाड. तो दारात उभा राहिला की पहिल्याच क्षणी वाटतं, बाई, इथे राहू नकोस. पण मोठं कारण वेगळंच. हिचकॉकने लपवलं होतं ते हे की जिला आपण नायिका समजतोय ती पाऊण तासाच्या आसपास मरणार आहे. त्यासाठी त्याने खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घालून दिला होता. १९९८ मध्ये तिकीट काढणाऱ्या बहुतेकांना तो शॉवर ठाऊक होता. शॉट सगळे उतरवता आले, प्रेक्षकाचं अज्ञान कुठून आणणार?

नक्कल फसते हे समजण्यासारखं आहे. मला जास्त राग येतो तो उलगडून सांगण्याचा. जॉन कार्पेंटरच्या १९७८च्या ‘हॅलोविन’मध्ये चित्रपटाचा खुनी मायकल सहा वर्षांचा असताना विदूषकाच्या पोशाखात, हातात सुरा घेऊन घरासमोर उभा असतो. आईवडील त्याचा मुखवटा काढतात आणि खाली एक साधा, कोऱ्या चेहऱ्याचा मुलगा निघतो. बस्स, एवढंच. मोठा झाल्यावर तो वापरतो तो मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारू मुखवटा, पांढरा फासलेला. श्रेयनामावलीत त्या पात्राला नावही नाही, नुसतं ‘द शेप’, एक आकृती. रॉब झाँबीने २००७ मध्ये या आकृतीला बालपण दिलं. घरात शिवीगाळ, शाळेत छळ, सगळं साग्रसंगीत. अभिनय वाईट नाही, पण आता मला मायकलची केस समजते, आणि समजली की भीती गेली. फाइल उघडून बसलेल्या समुपदेशकासारखं वाटायला लागतं.

टोबी हूपरच्या १९७४च्या ‘टेक्सस चेनसॉ मॅसकर’चं तर उदाहरण प्रयोगशाळेत करावं इतकं चोख आहे, कारण २००३च्या रिमेकचा छायालेखकही तोच, डॅनियल पर्ल. म्हणजे कॅमेऱ्यामागचा डोळा एकच. मूळ चित्रपटात एक तरुण अनोळखी घरात शिरतो, पुढच्या दालनाच्या टोकाला असलेल्या दाराशी पोचतो. अचानक मुखवटा घातलेला एक आडदांड माणूस समोर येतो, डोक्यात हातोडा घालतो, तडफडणाऱ्या देहाला आत ओढतो आणि धातूचं सरकतं दार धाडकन लावून घेतो. काही सेकंदांचा खेळ. आपण दाराबाहेर. आत काय चाललंय, हा कोण, असे आणखी किती आहेत, काही माहीत नाही. या चित्रपटाचं नाव ऐकून लोकांना रक्ताचे पाट आठवतात, पण पडद्यावर रक्त फारच थोडं आहे. ते पाट आपण दाराबाहेर उभं राहून स्वतःच वाहवलेले असतात. २००३च्या चित्रपटात पर्लने प्रकाश अप्रतिम टाकलाय, घाम आणि धूळसुद्धा देखणी दिसते. पण तो आपल्याला दारापलीकडे नेतो, मुखवट्याखालचा चेहरा दाखवतो, चेहऱ्याच्या आजाराचाही खुलासा करतो. सगळं दिसतं आणि काही होत नाही.

‘द हाँटिंग’बद्दल थोडक्यात, कारण १९९९च्या रिमेकवर जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही. रॉबर्ट वाइजच्या १९६३च्या चित्रपटात एलेनॉर एका झपाटलेल्या घरात, अंधारात झोपलेली असते, भिंतीपलीकडून आवाज येतात आणि ती मैत्रिणीचा हात घट्ट धरून ठेवते. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर रेंगाळतो. बघता बघता त्या नक्षीत चेहरा दिसायला लागतो. दिवा लागतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. मग हात कुणाचा धरला होता? अख्ख्या सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. रिमेकमध्ये संगणकाने पुतळे हलवले, घराला चेहरे दिले, शेवटी भलं थोरलं भूतही उभं केलं. इतकं करून मी जांभई दिली.

आता दुसरी बाजू.

कार्पेंटरचा १९८२चा ‘द थिंग’ आज अभिजात म्हणून मिरवतो, आणि तोही रिमेकच. आधीचा १९५१चा, हॉवर्ड हॉक्सच्या निर्मितीतला. त्यात उत्तर ध्रुवाजवळच्या तळावर बर्फात सापडलेला परग्रहवासी हा चालतंबोलतं वनस्पतीसारखं काहीतरी असतो, आणि तळावरची माणसं, मुख्य शास्त्रज्ञ सोडला तर, एकजुटीने त्याच्याशी लढतात. कार्पेंटरला तो चित्रपट मनापासून आवडायचा. त्याच्या ‘हॅलोविन’मध्ये मुलं टीव्हीवर तोच बघत असतात. पण रिमेक करताना तो चित्रपटाकडे न जाता त्याच्यामागच्या जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलच्या १९३८च्या कथेकडे गेला. कथेतला जीव समोरच्या माणसाची हुबेहूब प्रतिकृती करतो. पहिल्या चित्रपटाने ते सोडून दिलं होतं, कार्पेंटरने तेच उचललं.

त्यातलं रक्ताच्या चाचणीचं दृश्य मी कितीदा पाहिलंय याची गणती नाही. माणसं सोफ्याला बांधलेली. प्रत्येकाचं रक्त काचेच्या थाळीत. नायक मॅकरेडी तांब्याची तार ज्वाळेवर तापवतो आणि एकेका थाळीत बुडवतो. माणसाचं रक्त असेल तर नुसती चुर्र. एक थाळी, दुसरी, तिसरी. आपला सगळा संशय गॅरीवर, तोच वाद घालतोय, मॅकरेडीही त्याच्याशीच बोलतोय की तुझा नंबर शेवटी. बोलता बोलता, थाळीकडे धड न बघता, तो पामरच्या रक्तात तार घालतो. आणि रक्त उडी मारतं. भीतीचा मुहूर्त आणि आपल्या नजरेची दिशा यांची इतकी बेमालूम फारकत फार कमी जणांना जमते. रॉब बॉटिनने केलेल्या रबराच्या, चिकट, फाटणाऱ्या देहांबद्दल सगळे बोलतात आणि ते आहेतच जबरदस्त. चित्रपट प्राण्याचं काहीही लपवत नाही. तो माणसं लपवतो. कोण अजून माणूस आहे, हे शेवटच्या दृश्यापर्यंत नक्की सांगता येत नाही.

गंमत म्हणजे तेव्हा हा चित्रपट आपटला. ‘ई.टी.’ लागून दोनच आठवडे झालेले, लोकांना गोड परग्रहवासी हवा होता, आणि ‘ब्लेड रनर’ही त्याच दिवशी, २५ जून १९८२ रोजी लागला. समीक्षकांनी झोडपलं. म्हणून म्हणते, या आठवड्यात आलेल्या रिमेकचा निकाल या आठवड्यात लावू नका. (२०११ मध्ये ‘द थिंग’ याच नावाने आधीची हकिगत सांगणारा चित्रपट आला. त्यासाठी कारागिरांनी खरेखुरे यांत्रिक प्राणी बनवले आणि नंतर त्यातले बहुतेक संगणकीय प्रतिमांखाली झाकून टाकले. लपवायचं ते हे नव्हे!)

‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ हे माझं दुसरं लाडकं उदाहरण. डॉन सीगलच्या १९५६च्या चित्रपटात छोट्या गावातली ओळखीची माणसं एकेक करून बदलतात, त्यांच्या जागी परग्रहावरून आलेल्या भावनाशून्य प्रतिकृती येतात, आणि गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत असल्यामुळे ते जाणवतं. फिलिप कॉफमनने १९७८ मध्ये तीच गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत नेली. महानगरात शेजारी आधीच तुटक, नजर न देणारा असतो, मग तो बदललाय हे ओळखणार कसं? एका बदलाने अख्खी भीती नवी झाली. आणि कॉफमन ती पडद्याच्या कडेला ठेवतो. मागे कचऱ्याच्या गाड्या राखाडी भुसकट, म्हणजे बदललेल्या माणसांचे अवशेष, भरत असतात, पात्रांचं लक्ष नसतं, पहिल्या खेपेला आपलंही नसतं. जुन्या चित्रपटाचा नायक केव्हिन मॅकार्थी यात रस्त्यावर धावत येऊन गाडीच्या काचेवर हात आपटतो, जणू बावीस वर्षं धावतोच आहे. सीगल स्वतः टॅक्सी ड्रायव्हर झालाय. शेवट सांगत नाही. १९५६च्या चित्रपटाला स्टुडिओने दिलासा देणारी चौकट बसवायला लावली होती, कॉफमनला तशी कुणी लावली नाही, एवढंच.

हिदेओ नाकाताच्या १९९८च्या जपानी ‘रिंगू’ आणि गोअर व्हर्बिन्स्कीच्या २००२च्या ‘द रिंग’मध्ये मी बरोबरी देते. शापित व्हिडिओ कॅसेट बघणाऱ्याचा जीव घेणारं भूत म्हणजे सादाको. तिची ती अमानुष चाल नटीला उलटं चालायला लावून, फिल्म उलट फिरवून साधलेली आहे. स्वस्तातली युक्ती आणि अजूनही शहारा येतो. अमेरिकी चित्रपट थोडं जास्त समजावतो, पण त्याचा हिरवट ओला रंग आणि बोटीवरच्या बिथरलेल्या घोड्याचं दृश्य त्याचं स्वतःचं आहे. शिवाय व्हिडिओ कॅसेट तेव्हा घरोघरी होती. आज तोच चित्रपट पुन्हा केला तर आधी कॅसेट म्हणजे काय ते सांगावं लागेल.

अलीकडचं म्हणाल तर ली व्हॅनेलचा २०२०चा ‘द इन्व्हिजिबल मॅन’. १९३३च्या चित्रपटात गोष्ट अदृश्य माणसाची, त्याच्या माजाची होती. व्हॅनेलने ती त्याच्या तावडीतून पळालेल्या बाईची केली. एलिझाबेथ मॉस स्वयंपाकघरात वावरत असते आणि कॅमेरा तिला सोडून उगाच रिकाम्या बोळाकडे वळतो. तिथे काही नाही. किंवा आहे. रिकामी खुर्ची बघून मी पुढे सरसावून बसले होते.

माझ्या कसोटीला न जुमानणारा एक चित्रपट मात्र आहेच, १९८६चा डेव्हिड क्रोनेनबर्गचा ‘द फ्लाय’. तो काही म्हणजे काहीच लपवत नाही. १९५८च्या मूळ चित्रपटात शास्त्रज्ञाचं डोकं आणि हात एका फटक्यात माशीचे होतात आणि मग बराच वेळ कापडाखाली झाकलेले राहतात. क्रोनेनबर्ग तो बदल हळूहळू, एखाद्या दुखण्यासारखा घडवतो. नखं निघतात, दात पडतात, आणि जेफ गोल्डब्लम गळून पडलेले अवयव न्हाणीघरातल्या कपाटात नीट मांडून ठेवतो, त्याला संग्रहालय म्हणतो, विनोद करतो. रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, पण तो चित्रपट चालतो तो त्याच्या प्रेयसीमुळे, कारण तिला हे सगळं येऊन बघावं लागतं. माझ्या नियमात हा का बसत नाही यावर मी डोकं फोडत नाही.

मूळ दिग्दर्शकानेच रिमेक केला तर? तेही चालत नाही, याचा पुरावा जॉर्ज स्लायझर. १९८८चा त्याचा ‘स्पूरलोस’ बघितल्यावर बंद खोलीत झोपणं अवघड होतं. १९९३ मध्ये त्याने स्वतः हॉलिवूडमध्ये तो पुन्हा केला आणि शेवट बदलून नायकाची सुटका करून दिली. संपला विषय.

कुठून सुरुवात करू म्हणाल तर ‘बॉडी स्नॅचर्स’ आधी १९५६चा बघा, मग १९७८चा, जमल्यास लागोपाठ. ‘द थिंग’ थेट १९८२चा लावा, १९५१चा नंतर कधीतरी. ‘रिंगू’ आधी, ‘द रिंग’ मागाहून. ‘द हाँटिंग’ १९६३चा तेवढा पुरे. व्हॅन सँटचा ‘सायको’ मूळ चित्रपट पाठ असेल तरच, तोही दिग्दर्शन शिकायचं असेल तर. आणि ‘स्पूरलोस’ बघणार असाल तर आधी त्याच्याबद्दल काही वाचू नका, मी वर जेवढं सांगितलंय त्याच्यापुढे एक ओळसुद्धा नाही.