छोट्या कुत्र्याच्या घरात दुसरं कुत्रं आणताना

परदेशात राहणाऱ्या घरांमध्ये दुसरं कुत्रं आणायचा विषय बहुतेक वेळा एकाच कारणाने निघतो: माणसं दिवसभर कामावर आणि कुत्रं घरात एकटं. पण एकटं राहिल्यावर जे दार ओरबाडतं, सतत भुंकतं, त्याला सहसा माणूस हवा असतो. सोबत आणल्याने ते थांबेलच असं नाही. दुसरंही तेच शिकू शकतं. आधी ती सवय सोडवा. पहिलं साधारण दोन वर्षांचं, हाकेला येणारं आणि पट्ट्यावर नीट चालणारं झालं, की मगच दुसऱ्याचं बघा.

जात आणि रंग सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा वजन. चार किलोच्या कुत्र्याच्या पाठीवर तीस किलोच्या कुत्र्याचा पंजा खेळताखेळता पडला तरी मणका दुखावू शकतो. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या जातीत हा धोका फारच. त्याहून गंभीर म्हणजे, छोटं कुत्रं घाबरून केकाटत पळालं की मोठ्यातली शिकारीची ऊर्मी क्षणात जागी होऊ शकते. यात राग नसतो, म्हणून आधी गुरगुरणंही ऐकू येत नाही. माझ्या मते दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुपटीपलीकडे नसावं, आणि पिल्लू घेत असाल तर त्याचं मोठेपणीचं वजन धरावं.

नर-मादी जोडी साधारणपणे लवकर जमते. दोघांचीही नसबंदी झालेली उत्तम, पण नर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे प्रजननक्षम राहतो. तोवर नसबंदी न झालेल्या मादीपासून त्याला वेगळं ठेवा. मोठ्या नरापासून छोट्या मादीला गर्भ राहिला तर बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकतं.

खेळायची पद्धत जुळते का, हे फार कमी लोक बघतात. काहींना पळापळी आवडते, काहींना अंगावर पडून कुस्ती. पळणाऱ्याला कुस्तीवाला मिळाला तर तो रोज कोपऱ्यात दबून बसतो. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला पिल्लू म्हणजे जाचच. त्याला शांत, प्रौढ सोबती द्या.

पहिली भेट घरात नको. दोघांनाही नवीन अशा मोकळ्या जागी, दोन माणसांनी, दोन पट्ट्यांवर, सहा-सात मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा. छोट्याला गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा घाला, कारण या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. पट्टा सैल हवा. ताणला की कुत्रंही तणावात येतं. अंतर हळूहळू कमी करा, तीन सेकंद हुंगू द्या, मग हाक मारून बाजूला घ्या. पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केला, तर ते खेळायचं आमंत्रण. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली दिसली की लगेच अंतर वाढवा. छोट्याला घाईने उचलू नका: दुसरं उडी मारतं आणि छोटं कडेवरून भुंकायला शिकतं.

घरी नेण्याआधी खेळणी, हाडं, जेवणाची भांडी उचलून ठेवा. बरीच भांडणं खाणं, बिछाना आणि तुमची मांडी यांवरूनच होतात. जेवण वेगळ्या खोलीत किंवा बेबी गेटच्या (लहान मुलांसाठी दारात लावतात त्या बुटक्या फाटकाच्या) दोन बाजूंना, पाण्याची भांडी दोन, झोपायच्या जागा दोन. पहिले दोन आठवडे तरी नजरेआड दोघांना एकत्र सोडू नका, वजनात फरक असेल तर त्यानंतरही नको. पहिलं गुरगुरलं तर रागावू नका. ती सूचना आहे, आणि ती दाबली तर पुढच्या वेळी थेट चावा येतो. जुंपलीच तर हात मध्ये घालू नका. जाड पांघरूण टाका किंवा एखादी फळी मध्ये सरकवा.

बेघर कुत्री सांभाळून दत्तक देणारी बरीच शेल्टर्स कायमचं देण्याआधी काही दिवस कुत्रं घरी नेऊ देतात. ही सोय जरूर घ्या. त्या दिवसांत पहिलं कुत्रं जेवण सोडू लागलं, पलंगाखालून बाहेर येईना किंवा घरातच लघवी करू लागलं, तर ही जोडी त्याला झेपत नाहीये. अशा वेळी नवं कुत्रं परत देण्यात काहीही गैर नाही, त्यालाही दुसरं घर मिळू शकतं.