एम-35ए2 चे चिकटणारे ब्रेक, हप्ता तिसरा: एअर-पॅक निर्दोष

आमचा एम-35ए2, म्हणजे सहा चाकांच्या ड्राइव्हचा जुना लष्करी ट्रक, थोडा चालला की ब्रेक आपोआप धरायचे. मागच्या हप्त्यात एअर-पॅकला, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेकचा दाब वाढवणाऱ्या भागाला, दोषी ठरवलं होतं. निकाल साफ चुकला. त्याच्या रबरी सीलचं पूर्ण किट घातलं, त्यात हवा सोडणाऱ्या रिले व्हॉल्व्हची सीट घासून सपाट केली, सगळं परत बसवलं, आणि बाराव्या किलोमीटरला ट्रक पुन्हा तसाच जड झाला. जॅक लावून पाहिलं तर सहापैकी एकही चाक हाताने हलेना. तासाभराने गार झाल्यावर सगळी मोकळी.

एकच चाक धरत असेल तर दोष त्या चाकाशीच असतो: व्हील सिलिंडर गंजलेला, ड्रमला आतून घासणाऱ्या शूची स्प्रिंग मेलेली, नाहीतर होज आतून सुजून एकमार्गी झालेला. सहाही चाकं एकदम धरतात तेव्हा दाब वरच कुठेतरी अडकलेला असतो. इथवर तर्क बरोबर होता. फसवलं ते पुढच्या चाचणीने. हवेच्या टाक्या रिकाम्या केल्या की चाकं बरीच ढिली व्हायची, म्हणून बोट एअर-पॅककडे गेलं. पण रिले व्हॉल्व्ह हलतो तो मास्टर सिलिंडरकडून, म्हणजे पेडलने दाब तयार करणाऱ्या मुख्य सिलिंडरकडून, येणाऱ्या दाबावर. तो दाब पायाने दिलाय की आपोआप अडकलाय, हे त्याला कळायचं कारण नाही. मास्टरमध्ये थोडासा दाब कोंडला तरी एअर-पॅक इमानदारीने तो वाढवून चाकांना पोचवतो. हवा काढली की वाढवणं थांबतं आणि दोषी एअर-पॅक वाटतो.

आता योग्य क्रम, म्हणजे कुणाचं किट वाया जायला नको. ब्रेक धरलेले असतानाच, गरम असताना तपासायचं. आधी चाकांना ठोकळे लावा, कारण दाब सुटला की ट्रक मोकळा होतो, आणि खाली माणूस असतो. हवा तशीच राहू द्या. मास्टर सिलिंडरच्या आउटलेटचा नट पाव फेरा सैल करा. फ्लुइड जोरात चिरकून चाकं सुटली तर दोष मास्टरमध्ये किंवा पेडलच्या जोडणीत. सुटली नाहीत तर एअर-पॅकच्या आउटलेटचा नट, मग अॅक्सलवरच्या होजच्या दोन्ही बाजू, शेवटी चाकाचं निप्पल (हवा काढायचा स्क्रू). ज्या भागाच्या वरच्या बाजूचा नट सैल करून चाकं सुटत नाहीत पण खालच्या बाजूचा केल्यावर सुटतात, तिथेच अडथळा. नटवर फ्लेअर पानाच वापरा, तो नटाला जवळपास सगळीकडून धरतो. साध्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचं काम पाइप बदलण्यावर जातं.

आमच्याकडे पहिल्याच नटाला चिळकांडी उडाली. म्हणजे मास्टर.

पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की परतीचं बारीक भोक, कॉम्पेन्सेटिंग पोर्ट, उघडं राहिलं पाहिजे. गरम होऊन फुगलेलं फ्लुइड त्यातूनच मास्टरच्या फ्लुइडच्या टाकीत परत जातं. ते बंद असेल तर फुगलेल्या फ्लुइडला वाट राहत नाही, शू किंचित टेकतात, त्याने उष्णता वाढते, फ्लुइड आणखी फुगतं. म्हणूनच सुरुवातीचे दहा किलोमीटर सगळं ठीक वाटतं.

भोक बंद असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुशरॉडला (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) ढील नसणं. ती तपासली, पेडलच्या टोकाला 10 मिमी मोकळी चाल होती, ठीक. मग फ्लुइडच्या टाकीच्या तोंडातून टॉर्च मारून कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगितलं. चालीच्या सुरुवातीलाच भोकातून फ्लुइडची छोटी उसळी दिसायला हवी. दिसली नाही. सिलिंडर खोलला तर प्रायमरी कप, म्हणजे पिस्टनपुढचं रबरी सील, फुगून त्याची कड भोकावर आलेली. नव्या कपशेजारी ठेवून व्हर्नियर लावायचीही गरज नव्हती, डोळ्यांनीच दिसत होतं.

रबर असं फुगतं ते खनिज तेलाने: इंजिन ऑइल, डिझेल, तेलाच्या फनेलमधून ओतलेलं ब्रेक फ्लुइड. काढलेलं फ्लुइड बरणीत रात्रभर ठेवलं तर सकाळी दोन थर: वर जांभळट सिलिकॉन, खाली पिवळसर ग्लायकॉल. म्हणजे डॉट 5 (सिलिकॉनचं ब्रेक फ्लुइड) वर कुणीतरी डॉट 4 (ग्लायकॉलचं) टाकलंय, आणि ज्या भांड्यातून टाकलं ते बहुधा तेलकट होतं. ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत. डॉट 5.1 हे नावात 5 असूनही ग्लायकॉल आहे, तिथे बरेच जण फसतात.

तेल एकदा लाइनमध्ये गेलं की फक्त मास्टरचा कप बदलून भागत नाही. सगळे होज, सहाही चाकांचे कप, ब्रेक लाइटचा स्विच, आणि हो, नुकतंच घातलेलं एअर-पॅकचं किटसुद्धा, सगळं बाहेर. स्टीलचे पाइप स्पिरिटने धुवून कोरड्या हवेने फुंकले. रबराबद्दल एक मत: लष्करी सीलबंद पाकिटातले जुने कप मोहक दिसतात, पण त्यांच्यावरची तारीख वाचा. दशकानुदशकं पडलेलं रबर कडक होतं. एका विक्रेत्याने पाठवलेले चार कप बोटाने दुमडताच चिरले.

भरलं पुन्हा डॉट 5. ते पाणी शोषत नाही, उभ्या राहणाऱ्या गाडीला बरं. पण त्यात हवेचे बुडबुडे सहज अडकतात, म्हणून पेडल भराभर मारायचं नाही. हवेच्या टाक्या रिकाम्या केल्या, मग लाइनमधले बुडबुडे काढायला आधी एअर-पॅकची निप्पलं, मग सगळ्यात लांबचं चाक, मग जवळची. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा एक फेरी. त्या फेरीत अजून हवा निघालीच.

चाचणी: 20 किमी, शक्यतो ब्रेक न लावता, मग इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक ड्रमवर. सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड ड्रममध्ये 8 अंशांचा फरक. हा आकडा पाहून जे बरं वाटलं ते रंगकामाने कधी वाटलं नाही. पुढच्या अॅक्सलचा ड्राइव्ह अर्थात सोडलेला होता. कोरड्या डांबरावर सहा चाकांचा ड्राइव्ह जोडून ठेवला तर ट्रान्समिशनमध्ये पीळ बसतो आणि तोही ‘ब्रेक धरलाय’ असाच वाटतो.

ठरलं होतं की आता उताराची चाचणी. ती पुढे ढकलली. पाइप उघडे असताना राहून राहून एकच डोक्यात येत होतं: सहा चाकं, एकच सर्किट. एक कप फुटला तर सगळे ब्रेक गेले, आणि मग हातात उरतो तो ट्रान्सफर केसवरचा (अॅक्सलना शक्ती वाटणाऱ्या गिअरबॉक्सवरचा) हँडब्रेक, जो उभ्या गाडीसाठी आहे. तो चालत्या गाडीत ओढला की पूर्ण झटका प्रोपेलर शाफ्टवर येतो. म्हणून टँडम मास्टर, म्हणजे दोन चेंबरचा मास्टर सिलिंडर: पुढचा अॅक्सल एका सर्किटवर, मागचे दोन दुसऱ्यावर, आणि पुढच्यासाठी वेगळा एअर-पॅक. अडचण आकारमानाची आहे. मागच्या चार सिलिंडरना पुढच्या दोनपेक्षा जास्त फ्लुइड लागतं, त्यामुळे टँडमचं मागचं चेंबर तेवढं देतं की नाही हे आधी टेबलावर, मोजपात्रात पेडलच्या एका चालीत किती येतं ते बघूनच ठरवायचं. तांब्याचा साधा पाइप वापरणार नाही, कंपनाने तो कडक होऊन तडकतो. निकेल-तांबं किंवा स्टील, आणि डबल फ्लेअर (पाइपचं पसरवून दुहेरी दुमडलेलं तोंड). स्वस्त फ्लेअर टूलची पकड पाइप सरकू देते, फ्लेअर तिरका येतो. तिथे पैसे वाचवू नका.

टँडम बसेपर्यंत ट्रक फक्त सपाट रस्त्यावर, ताशी 60 किमीच्या खाली, पुढच्या वाहनापासून निदान सहा सेकंद अंतर ठेवून. उतारावर एक आठवण: इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर मिनिटाला 2600 फेऱ्यांच्या वर इंधन तोडतो, पण चाकं इंजिनाला फिरवत असतील तर तो काहीच करू शकत नाही. गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली. मोजपात्राचे आकडे आले की टँडमचा बोअर (आतला व्यास) ठरेल, मग पुढचा हप्ता.