गांवकर: 'के' की 'सी'?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा दक्षिण गोव्यातल्या काणकोण, केपे, सांगेकडच्या आईवडिलांचा असतो: मुलगी बारावी झाली, पणजीला शिकायला किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालीय, बरोबर काय द्यावं? गादी, भांडी, पैसे यांची मोजदाद झालेलीच असते. आधी कागदांवरचं आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तपासा.

पोर्तुगीज काळच्या नोंदींत 'क'साठी 'सी' लिहीत. म्हणून आजोबांच्या जन्मनोंदीत गांवकर 'सी'ने, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात 'के'ने, आणि आधारवर मधेच एक 'यू' घुसलेला. वेळीपांकडे 'व्ही' की 'डब्ल्यू'. गावात कुणाचं अडत नाही. पण गावडा, कुणबी, वेळीप हे समाज 2003 साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले, आणि त्या सवलतीचा दाखला काढताना नातं वडील-आजोबांच्या कागदांवरूनच जुळवतात. अक्षर जुळलं नाही की अर्ज परत. (गवळी-धनगर त्या यादीत नाहीत, त्यांचा दाखला ओबीसीचा.) जन्मनोंद जिथे झाली त्या नोंदणी कार्यालयात दुरुस्तीला जावं लागतं, ते काम गावी असतानाच करा; धाकट्या भावंडांचं तर दहावीचा फॉर्म भरण्याआधीच. नोकरी लागल्यावर प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी जाते. सरकारी नोकरीसाठी तालुक्याच्या मामलेदाराचा 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखलाही गाव सोडण्याआधीच काढून ठेवावा.

दुसरी अडचण बँकेची, आणि ती कुणी सांगत नाही. सरकारी मदतीसाठी आधारशी एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. पगारासाठी शहरात नवं खातं काढलं आणि तिथल्या माणसाने फॉर्मवर आधार जोडण्याची खूण करून घेतली, की शिष्यवृत्ती नव्या खात्यात वळते. घरी मात्र जुनं पासबुक घेऊन वाट बघणं चालू. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत विचारून घ्या.

खोलीचं म्हणाल तर वेर्ण्याच्या नोकरीला पणजीचा हट्ट कशाला? मडगावात राहिलं तर शनिवारी घरी जाता येतं, काणकोणकरांना करमल घाट ओलांडून. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली का, हे घरमालकाला पहिल्याच आठवड्यात विचारावं.

गॅससाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. उकडे तांदूळ एकट्याला महिन्याला 8-10 किलो धरा. ते रात्रीच भिजत घाला, नाहीतर पेजेतच अर्धा सिलिंडर जातो.